झोपेच्या आजाराचं बारसं करणारे डॉक्टर

दुपारी पोटभर भात खाऊन लेक्चरला बसलं की डुलक्या कोणाला येत नाहीत? पण झेलिनोंच्या पेशंटची झोप वेगळीच होती.

झाँ-बातिस्त एदुआर झेलिनो यांचा जन्म १८२८ चा, फ्रान्समधल्या ब्लाय गावचा. आधी नौदलात डॉक्टर, नंतर स्वतःची प्रॅक्टिस. त्यांच्याकडे ३८ वर्षांचा, दारूच्या पिंपांचा एक व्यापारी आला. दिवसाला २०० वेळा झोपेचा झटका! जेवताना, बोलतानासुद्धा. आणि खळखळून हसला की पायातलं बळच जायचं. पत्त्यांत चांगला हात आला तरी तेच, बिचारा! कोणीही याला मिरगी म्हटलं असतं. झेलिनोंनी बारकाईने विचारपूस करून आजार वेगळा काढला आणि १८८० मध्ये त्याला नार्कोलेप्सी नाव दिलं. औषध मात्र त्यांना सापडलं नाही. १९०६ मध्ये ते वारले.

या आजारात बहुतेकदा मेंदूतलं हायपोक्रेटिन हे रसायन कमी पडतं, हे कळायला सन २००० उजाडलं. आता रात्रभर स्लीप स्टडी करतात, दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी झोपायला लावून किती मिनिटांत झोप लागते ते मोजतात.

आमच्या विंगमध्ये एकाला सगळे कुंभकर्ण म्हणतात. हसताना त्याचेही गुडघे वाकतात. दिवाळीच्या सुट्टीत तो नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे जाणार आहे.