वस्ताद वांग झिपिंग

कराटे किंवा ज्यूदो शिकणारी मुले तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या कमरेला रंगीत पट्टा असतो. पांढरा पट्टा म्हणजे नवशिका आणि काळा पट्टा म्हणजे तयार खेळाडू, हे पाहताक्षणी कळते. अशा श्रेणींची पद्धत जपानमध्ये ज्यूदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केली. चीनमधील जुन्या तालमींत मात्र असे पट्टे नव्हते. तेथे कमरेला कापडी कमरबंद बांधत. तो कपडे आवळून धरण्यासाठी असे. त्याच्या रंगावरून कोणाचा दर्जा कळत नसे. मग तेथे लहानमोठेपणा कसा ठरत असे? वांग झिपिंग या थोर मल्लाच्या जीवनकथेतून आपल्याला हे समजेल.

वांग झिपिंग यांचा जन्म १८८१ साली चीनच्या हबेई प्रांतातील त्सांगचौ येथे झाला. हे गाव मल्लविद्येसाठी प्रसिद्ध आहे. तेथे हुई लोकांची मोठी वस्ती आहे. हुई म्हणजे चिनी भाषा बोलणारे मुसलमान. वांग यांचे घराणेही हुई होते आणि घरात कुस्तीची परंपरा होती. लहानपणापासून त्यांना व्यायामाचा नाद होता. ते जमिनीत खड्डा खणत आणि त्यातून उडी मारून बाहेर येत. खड्डा रोज थोडा थोडा खोल करीत, असे सांगतात.

तरुणपणी ते जीनान शहरात आले. तेथे यांग होंगशियू या नामांकित गुरूंनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. यांग हे चाच्युआन या प्रकारात निष्णात होते. चिनी मुसलमानांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही मल्लविद्या आहे.

चीनमध्ये गुरूला शीफू म्हणतात. या शब्दात गुरू आणि पिता हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. गुरूचे गुरू हे आजोबांच्या ठिकाणी असतात. आपल्या आधी तालमीत आलेला विद्यार्थी हा थोरला गुरुबंधू आणि नंतर आलेला तो धाकटा गुरुबंधू. वयाने लहान असला, तरी आधी आलेलाच थोरला मानला जातो. अशा रीतीने सारी तालीम एका कुटुंबासारखी चालते. आपल्याकडेही तालमीतील गुरूला वस्ताद म्हणतात. तुमच्या ओळखीचा उस्ताद हा शब्दच मराठीत वस्ताद झाला आहे.

वांग यांच्या ताकदीच्या अनेक कथा चीनमध्ये सांगितल्या जातात. त्या काळी शानतुंग प्रांतात जर्मन लोक रेल्वे बांधत होते. चिंगचौ येथील जुन्या मशिदीचे कोरीव दरवाजे एका जर्मन अधिकाऱ्याला हवे होते. तेव्हा वांग त्या दरवाजांसमोर उभे राहिले. त्यांनी वजन उचलण्याची पैज जिंकली आणि दरवाजे जागेवरच राहिले, अशी कथा आहे. चीनमध्ये वजन जीन या मापाने मोजतात. एक जीन म्हणजे सुमारे अर्धा किलो. वांग या आडनावाचा अर्थ राजा असा होतो. म्हणून लोक त्यांना हजार जीनांचा राजा म्हणू लागले. ही पदवी त्यांना कोणत्याही संस्थेने दिली नव्हती. ती लोकांनी प्रेमाने दिली होती.

१९२८ साली नानजिंग येथे मल्लविद्येची एक मोठी सरकारी संस्था स्थापन झाली. सेनापती जांग झिजियांग हे तिचे प्रमुख होते. तेथे शिक्षणाच्या दोन शाखा केल्या गेल्या. एक शाओलिन आणि दुसरी वूदांग. शाओलिन शाखेचे प्रमुखपद वांग यांना मिळाले. हा मोठा मान होता. परंतु या मानातूनच एक संकट उभे राहिले. कोणती शाखा श्रेष्ठ, यावरून दोन्ही बाजूंमध्ये चढाओढ लागली. शब्दाने शब्द वाढला आणि दोन्ही शाखांचे प्रमुखच एकमेकांशी लढले. जी संस्था देशातील साऱ्या मल्लांना एकत्र आणण्यासाठी निघाली होती, तिच्यातच फूट पडू लागली. तेव्हा त्याच वर्षी संस्थेने दोन्ही शाखा मोडून टाकल्या. त्यांच्याबरोबर प्रमुखपदेही गेली.

वांग यांचे पद गेले, पण त्यांची विद्या त्यांच्याजवळच होती. पुढे त्यांनी शांघायमध्ये मल्लविद्या शिकवली. हाडे बसवण्याचे आणि दुखापतींवर उपचार करण्याचे कामही ते करीत. ज्या हातांनी त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना लोळवले, त्याच हातांनी ते जखमी माणसांची सेवा करू लागले. प्रकृती चांगली राहावी म्हणून त्यांनी वीस सोप्या व्यायामांचे एक पुस्तक लिहिले. त्यांची कन्या वांग जूरोंग हिलाही त्यांनी ही विद्या दिली. पुढे ती शांघायच्या शारीरिक शिक्षण संस्थेत प्राध्यापक झाली. मुलींनी मल्लविद्या शिकू नये असे मानणाऱ्यांना हे चांगलेच उत्तर होते.

१९६० च्या सुमारास चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय ब्रह्मदेशाला गेले. त्यांच्यासोबत मल्लांचे एक पथक होते. त्या पथकात वांगही होते. ऐंशीच्या घरात पोचलेल्या या वृद्धाने तेथे आपली कला दाखवली. १९७३ साली त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९९८ साली, चीनमध्ये मल्लविद्येसाठी नऊ श्रेणी ठरवण्यात आल्या. पहिल्या तीन श्रेणींना गरुडाचे, मधल्या तीन श्रेणींना वाघाचे आणि वरच्या तीन श्रेणींना ड्रॅगनचे चिन्ह मिळते. अशा श्रेणींचा उपयोग आहे. आपण किती शिकलो आणि किती शिकायचे राहिले, हे त्यांवरून विद्यार्थ्याला कळते. पण वांग झिपिंग यांच्याजवळ यांपैकी एकही चिन्ह नव्हते. जे पद त्यांना मिळाले, तेही काही महिनेच टिकले. तरीसुद्धा आज चीनमध्ये त्यांचे नाव आदराने घेतले जाते. कमरेचा पट्टा दुसरा कोणी बांधू शकतो. मान मात्र स्वतःच्या मेहनतीने आणि वागणुकीनेच मिळवावा लागतो.