एका हाताने एन्झाइमचा पहिला स्फटिक मिळवणारे जेम्स समनर

आज प्रथिनांचे स्फटिक वाढवायचं काम मोठ्या प्रयोगशाळांत यंत्रंच करतात. एका थाळीत ९६ खळगे, प्रत्येकात डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा थेंब आणि ठरावीक वेळाने फोटो काढणारा कॅमेरा. रात्री माणूस घरी गेला तरी यंत्राची नजर हटत नाही. एन्झाइमचा पहिला स्फटिक मात्र निघाला तो एका हाताने.

जेम्स बॅचेलर समनर यांचा जन्म १८८७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. सतराव्या वर्षी शिकारीला गेले असताना सोबत्याची गोळी लागली आणि डावा हात कोपराखाली कापावा लागला. त्यात हा मुलगा डावखुरा! त्याने उजव्या हाताला सगळं नव्याने शिकवलं, टेनिससुद्धा. हार्वर्डमध्ये प्राध्यापक फोलिन यांनी सांगून पाहिलं, की एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या नादी लागू नये, वकिली करावी. समनर यांनी ऐकलं नाही. त्याच फोलिन यांच्याकडे १९१४ मध्ये पीएचडी घेतली आणि इथाका इथल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवायला गेले.

१९१७ पासून ते युरिएझच्या मागे लागले. शेतात टाकलेल्या युरियापासून अमोनिया होतो तो याच एन्झाइममुळे. जॅक बीन नावाच्या शेंगेच्या बियांत ते भरपूर सापडतं. आपल्या परसातली अबई या शेंगेची सख्खी बहीणच म्हणायची. समनर बियांचं पीठ पाण्यात मिसळलेल्या अल्कोहोलात भिजवून गाळत. प्रयोगशाळेत बर्फपेटी नव्हती, म्हणून नळकांडी खिडकीबाहेर ठेवून थंडीची वाट पाहायची. अशी नऊ वर्षं गेली. सहकाऱ्यांना हा वेडेपणाच वाटे.

१९२६ मध्ये अल्कोहोलऐवजी ३० टक्के ॲसिटोन वापरून गाळलेलं पाणी रात्रभर थंडीत ठेवलं. सकाळी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर इवलेसे आठ पैलूंचे स्फटिक! तपासले तर ते प्रथिन निघालं आणि युरियावर त्याचं कामही जबरदस्त चाललं. त्यांनी लगेच बायकोला फोन करून ही बातमी दिली.

पण जगाला पटायला वेळ लागला. जर्मनीचे नोबेलविजेते विलश्टेटर एन्झाइम हे प्रथिन नसतंच असं मानत, आणि त्यांच्यापुढे इथाकातल्या या मास्तरांचं कोण ऐकणार? नॉर्थ्रप यांनी १९३० च्या सुमारास पेप्सिनचे स्फटिक मिळवले, तेव्हा कुठे पारडं फिरलं. १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा समनर यांना मिळाला. उरलेला नॉर्थ्रप आणि स्टॅन्ली यांच्यात विभागला गेला.

समनर १९५५ मध्ये वारले. त्यांना मिळालेल्या स्फटिकाच्या आत नेमकं काय आहे, ते त्यांना कधीच दिसलं नाही. जॅक बीनच्या युरिएझची पूर्ण रचना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ती उलगडली आपल्या चेन्नईतल्या मद्रास विद्यापीठात.