थाळनेरचा न मिटलेला डाग

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी थाळनेर वसले आहे. फारुकी सुलतानांची ही जुनी राजधानी. येथील किल्ल्यात २७ फेब्रुवारी १८१८ रोजी जे घडले, त्याचे पडसाद पुढील वर्षी थेट ब्रिटिश संसदेत उमटले. शरण आलेल्या शत्रूचा जीव घेण्याचा अधिकार विजेत्या सेनापतीला असतो काय, हा प्रश्न त्या चर्चेच्या मुळाशी होता. ज्याच्यामुळे तो उपस्थित झाला, तो सेनापती म्हणजे सर थॉमस हिस्लॉप.

हिस्लॉपचा जन्म १७६४ मधला. सैनिकाच्या घरात वाढलेला हा मुलगा वयाच्या चौदाव्या वर्षी सैन्यात दाखल झाला आणि जिब्राल्टरच्या प्रदीर्घ वेढ्यात लढला. पुढे वेस्ट इंडीजमधील मोहिमांत त्याने नाव कमावले आणि १८०३ मध्ये त्रिनिदाद बेटाचा कारभार त्याच्याकडे आला.

हे बेट तेव्हा एका वेगळ्याच कारणाने गाजत होते. हिस्लॉपच्या आधीचा गव्हर्नर थॉमस पिक्टन याने चोरीच्या संशयावरून लुईसा काल्डेरॉन या अल्पवयीन मुलीचा छळ करण्यास लेखी मंजुरी दिली होती. तिला दोरीने टांगून, शरीराचा भार एका खुंटीवर टेकलेल्या पायावर येईल, अशा रीतीने तिचा छळ करण्यात आला. बेट इंग्रजांनी जिंकलेले असले तरी कायदा स्पेनचाच लागू होता आणि तो छळाला मुभा देतो, असा पिक्टनचा बचाव होता. १८०६ मध्ये लंडनच्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. १८०८ च्या फेरसुनावणीत मात्र बेटावरचा कायदा छळाला परवानगी देत होता, असा निष्कर्ष निघाला. अंतिम निकाल कधीच लागला नाही. हा वाद इंग्लंडभर पेटला असताना त्रिनिदादची सूत्रे हिस्लॉपच्याच हाती होती.

१८१२ मध्ये मुंबईकडील नेमणुकीवर निघालेला हिस्लॉप स्वतःच युद्धकैदी झाला. तो प्रवास करीत असलेले ‘जावा’ हे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन नौदलाने जिंकले. विजेता विल्यम बेनब्रिज याने त्याला सन्मानाने वागवले आणि पुन्हा न लढण्याच्या वचनावर मुक्त केले. पराभूताला अभय देण्याच्या रिवाजाचे मोल हिस्लॉपने असे स्वतः अनुभवले होते.

१८१४ मध्ये तो मद्रासचा सरसेनापती झाला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे त्याने होळकरांच्या फौजेचा पराभव केला. जानेवारीतील मंदसोरच्या तहाने होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख, त्यात खानदेशही, कंपनीकडे गेला. कागदावर मालकी बदलली. पण किल्ले किल्लेदारांच्याच ताब्यात होते. सातपुडा उतरून हिस्लॉप थाळनेरपुढे आला, तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला दिला नाही. प्रतिकार केल्यास बंडखोर समजले जाईल, असा इशारा त्याला देण्यात आला होता.

तोफांच्या माऱ्यानंतर किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. त्यानंतर काही इंग्रज अधिकारी मोजक्या शिपायांसह आतल्या दरवाजाच्या दिंडीतून शिरले. आतील अरब शिबंदीशी शरणागतीच्या अटींवरून बोलाचाली झाली, एकमेकांची भाषा कळेना आणि शस्त्रे चालली. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. संतापलेल्या फौजेने आत घुसून जवळजवळ सारी शिबंदी कापून काढली. त्याच संध्याकाळी किल्लेदाराला फाशी देण्यात आले. अधिकारी मारले गेले तेव्हा तो इंग्रजांच्याच ताब्यात होता.

दहशतीचा परिणाम झाला. गाळणा व चांदवडचे किल्ले प्रतिकाराविना मिळाले. हिस्लॉपच्या समर्थकांनी याच परिणामाचा आधार घेतला. परंतु १८१९ मध्ये मोहिमेच्या आभाराचा ठराव आला असता, महिदपूरच्या विजेत्याचे थाळनेरमधील कृत्य संसदेने त्या आभारातून वगळले. तहाने मुलूख हस्तांतरित होतो; त्याच तहाने किल्लेदार एका रात्रीत शत्रूचा बंडखोर होतो काय आणि झाला तरी चौकशीविना त्याला फासावर चढवता येते काय, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नव्हते.

दुसरा मार्ग अशक्य नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये, तेव्हा खानदेशात मोडणाऱ्या मालेगावच्या अरबांनी शरणागती पत्करली. त्यांना दिलेल्या मराठी पत्रात इंग्रज सेनानीच्या मनात होते त्याहून उदार शब्द पडले होते. येथेही घोळ भाषेचाच होता; पण माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेला शब्द अरबांच्या बाजूने उदारपणे पाळला.

हिस्लॉपची उर्वरित वर्षे दख्खनच्या लुटीतील वाट्याच्या वादात बरीचशी गेली. १८४३ मध्ये त्याचे निधन झाले. त्याचा नातू लॉर्ड मिंटो १९०५ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. पुढच्याच वर्षी खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. त्यांतूनच आजचे जळगाव व धुळे जिल्हे घडले.

१९४९ च्या जिनिव्हा करारांनी स्वाधीन झालेल्या शत्रूची हत्या आणि खटल्याविना देहदंड निषिद्ध ठरवला. आधी माणसाला ‘बंडखोर’ हे नाव द्यायचे आणि मग त्या नावाखाली त्याचे संरक्षण काढून घ्यायचे, ही युक्ती मात्र त्यानंतरही जगाला नवी राहिलेली नाही. थाळनेरच्या किल्लेदाराला या नावानेच मारले. तोफांनी तर त्याला केवळ बाहेर आणले होते.