पिंपरीची माती आणि डॉ. तिरुमलाचार

मी पडलो कॉन्व्हेंटचा, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका आधीच माफ करा. विषय मात्र होस्टेलच्या जिव्हाळ्याचा आहे. नायटा! कोल्हापूरचा पाऊस, दोरीवर चार-चार दिवस न वाळणारे कपडे आणि तिघांत एक टॉवेल. मला झाला तेव्हा रूममेटची ट्यूब चोळली. तिच्यात स्टेरॉइड होतं. खाज थांबली, नायटा मात्र पोटभर पसरला. डॉक्टरांनी चांगलंच झापलं. मग बुरशीवरची औषधं शोधली कोणी, हे वाचायला घेतलं, तर त्यात चक्क माझ्या गावाचं नाव निघालं. मी पिंपरीचा.

डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांचा जन्म १९१४ चा. मूळचे ते बुरशीशास्त्रज्ञ. पिकांवरचा तांबेरा आणि काणी हा त्यांचा अभ्यासाचा विषय. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी शिकवलं. पुढे ते पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये संशोधन विभागाचे प्रमुख झाले. १९५४ साली स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्यात पेनिसिलीन बनायचं. पण पेनिसिलीन जीवाणू मारतं, बुरशीला हातही लावत नाही. उलट शरीरातले निरुपद्रवी जीवाणू मेले की बुरशीला रान मोकळं!

तिरुमलाचारांनी उत्तर मातीत शोधलं. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो ना, तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जीवाणूंमुळे. चिमूटभर माती पाण्यात कालवायची, ते पाणी काचेच्या बशीत घालून जीवाणू वाढवायचे, एकेक ठिपका वेगळा करून बुरशीसमोर ठेवायचा आणि बुरशी कुठे मागे हटते ते बघायचं. बहुतेक ठिपके फुकट जातात. पण पिंपरीच्याच मातीत एक कामाचा निघाला. त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यापासून मिळालेल्या औषधाचं हॅमायसिन, कंपनीच्या आद्याक्षरांवरून. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशींत नसतं. औषध नेमकं त्यालाच चिकटतं आणि पडदा गळका होतो. तोंडातल्या, कानातल्या बुरशीवर ते वापरलं गेलं. नायट्याच्या बुरशीवर चालणारं डर्मोस्टॅटिन आणि पिकांसाठीचं ऑरिओफंगिन हीसुद्धा त्यांच्याच विभागाची कामगिरी. उतारवयात ते कॅलिफोर्नियात होते. १९९९ साली ते गेले.

आता मातीत तेच तेच जीवाणू पुन्हा सापडतात, म्हणून शोध समुद्रात पोचलाय. स्पंज आणि प्रवाळांच्या अंगावर याच कुळातले जीवाणू राहतात. पद्धत मात्र अजून बरीचशी तीच, ठिपका आणि बशी.

मी दहा वर्षं त्या कारखान्यासमोरून रिक्षाने शाळेत गेलो. बुटाला लागलेली ती माती पायपुसण्यावर झटकत होतो. आत कोण होऊन गेलं, हे कळायला मला कोल्हापुरात येऊन नायटा व्हावा लागला.

आणि हो, नायटा गेला. टॉवेल आता माझा एकट्याचा आहे. मागू नये.