विश्लेषण : घरच्या जेवणासाठी पकडलेल्या माशाचा विक्रम ७७ वर्षे कसा टिकला? जॉर्ज पेरी कोण होते?

पहाटेच्या अंधारात छोटी होडी किंवा कनू पाण्यात लोटायची, आवाज न करता वल्हे मारत काठाच्या झाडीजवळ जायचे आणि लार्जमाउथ बास माशासाठी गळ टाकायचा, हा अमेरिकेतील लाखो लोकांचा आवडता छंद आहे. आज या छंदाभोवती महागड्या मोटरबोटी, मोठ्या रकमेच्या स्पर्धा आणि साहित्याची प्रचंड बाजारपेठ उभी आहे. मात्र या माशाच्या वजनाचा जागतिक विक्रम आजही जॉर्जिया राज्यातील एका गरीब शेतकऱ्याच्या नावावर आहे. जॉर्ज वॉशिंग्टन पेरी हे त्यांचे नाव. १९३२ मध्ये त्यांनी हा मासा विक्रमासाठी नव्हे, तर घरच्या जेवणासाठी पकडला होता.

लार्जमाउथ बास हा मासा कोणता?

आपल्याकडे हॉटेलांत मिळणारा बासा वेगळा आणि हा बास वेगळा. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतील तळी, संथ नद्या आणि दलदलीत राहणारा शिकारी मासा आहे. त्याचा रंग हिरवट असतो आणि अंगाच्या बाजूने काळसर पट्टा जातो. जबडा इतका मोठा की तोंड मिटल्यावर त्याची कड डोळ्यांच्याही मागे जाते. नावातील लार्जमाउथ म्हणजे मोठे तोंड, ते यामुळेच. छोटे मासे, बेडूक, खेकड्यासारखे जलचर, जे तोंडात मावेल ते तो गिळतो. गळाला सहसा एक ते दोन किलोचे मासे लागतात. चार-साडेचार किलोचा मासा मिळाला तरी मासेमार तो आयुष्यभर विसरत नाही. अतिशय मोठे वाढणारे मासे बहुतेक वेळा माद्या असतात.

पहाटेची वेळ आणि छोटी होडी का?

हा मासा दबा धरून शिकार करतो. कमी उजेडात छोट्या माशांना तो लवकर दिसत नाही, त्यामुळे पहाटे आणि संध्याकाळी तो काठाजवळच्या उथळ पाण्यात येतो. उन्हाळ्यात दिवस चढला की तो खोल पाण्यात किंवा झाडांच्या सावलीत जातो. म्हणून अनुभवी मासेमार उजाडण्यापूर्वीच पाण्यावर असतात. छोटी होडी उथळ पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या खोडांमधून आणि पाणवनस्पतींमधून सहज जाते. इंजिनाचा आवाज नसल्याने मासा बिथरत नाही. अडचण एकच, अशा ठिकाणी पाण्याखालच्या ओंडक्यांत गळ अडकून तुटण्याचा धोका सतत असतो. पेरी यांच्या गोष्टीत हाच धोका महत्त्वाचा ठरला.

जॉर्ज पेरी कोण होते?

पेरी यांचा जन्म १९१२ चा. जॉर्जिया राज्याच्या दक्षिणेकडील टेलफेअर काउंटीत त्यांचे कुटुंब शेती करत असे. त्या काळी हा सारा भाग कापसावर अवलंबून होता. आधी बोंडे पोखरणाऱ्या भुंग्याने पिकाची वाट लावली आणि त्यानंतर १९२९ ची जागतिक महामंदी आली. त्या वर्षी पौंडाला १६-१७ सेंट असलेला कापसाचा भाव १९३२ पर्यंत सहा सेंटच्या आसपास घसरला. पिकवलेला माल विकून पेरणीचा खर्चही निघेना, अशी अनेक घरांची अवस्था झाली.

अशातच पेरी यांचे वडील वारले. घरात आई, दोन बहिणी आणि दोन भाऊ. कुटुंबाला जगवण्याची जबाबदारी विशीतल्या जॉर्जवर आली. वस्ती आडबाजूला, हातात रोख पैसा नाही. तरीही त्यांनी एक धाडस केले. जेवणखाणासाठी लागणाऱ्या पैशांतून त्यांनी एक स्वस्तातली काठी, रीळ आणि एकच कृत्रिम आमिष विकत घेतले. ते क्रीक चब या कंपनीचे, माशासारखे दिसणारे लाकडी आमिष होते. ते हरवले असते तर दुसरे घेण्याची ऐपत नव्हती.

२ जून १९३२ रोजी नेमके काय घडले?

त्या दिवशी पावसामुळे शेतात नांगर चालवण्याजोगी स्थिती नव्हती. काम बंद, म्हणून पेरी आणि त्यांचा मित्र जॅक पेज मासे पकडायला निघाले. जवळच मॉन्टगोमेरी लेक नावाचे पाणी होते. नाव सरोवराचे असले, तरी ओकमल्गी नदीने प्रवाह बदलल्यावर मागे उरलेले ते एक नालाकृती तळे होते. भोवती दाट झाडी आणि पाण्यात बुडालेली खोडे. पेरी यांनी टाकाऊ फळ्या जोडून स्वतःच बनवलेली होडी त्यांनी पाण्यात घातली. दोघांत काठी एक आणि आमिषही एकच. त्यामुळे एकाने गळ टाकायचा आणि दुसऱ्याने होडी वल्हवायची, असे पाळीपाळीने चालले होते.

काठी पेरी यांच्या हातात असताना पाणी जोरात उसळले. त्यांनी झटका दिला आणि रीळ फिरवू लागले, पण दोरी जागची हलेना. मासा सुटून खोल गेला आणि गळ एखाद्या ओंडक्यात अडकला, असे त्यांना वाटले. पाण्याखाली किती मोठा मासा आहे याची कल्पनाच नव्हती. त्यांना चिंता होती ती आपले एकुलते आमिष गमावण्याची. एवढ्यात ओंडका समजलेली ती वस्तू हलू लागली. त्यानंतर बऱ्याच झटापटीनंतर मासा होडीत आला. पेरी यांनी पुढे अनेक वर्षांनी दिलेल्या मुलाखतीत सांगितले, की तो पाहून पहिला विचार आला तो घरच्यांसाठी भरपूर मांस मिळाल्याचा.

वजन कुठे झाले? बक्षीस काय मिळाले?

घरी जाण्यापूर्वी दोघांनी मासा जवळच्या हेलेना गावातील दुकानात नेला. एवढा मोठा बास कोणी पाहिला नव्हता, त्यामुळे गर्दी जमली. काट्यावर वजन भरले २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १०.०९ किलो. लांबी ३२.५ इंच आणि घेर २८.५ इंच. ‘फील्ड अँड स्ट्रीम’ हे मासिक दरवर्षी सर्वांत मोठ्या माशांची स्पर्धा घेते, हे पेरी यांना ठाऊक नव्हते. तिथे जमलेल्यांपैकी कोणीतरी ते सांगितले. मग मोजमापांची रीतसर नोंद करून अर्ज पाठवण्यात आला.

त्यापूर्वी सर्वांत मोठा मानला गेलेला लार्जमाउथ बास १९२३ मध्ये फ्लोरिडा राज्यात सापडला होता. त्याचे वजन होते २० पौंड २ औंस. पेरी यांचा मासा त्यापेक्षा दोन पौंडांहून अधिक भरला. त्यांना स्पर्धेचे पहिले बक्षीस मिळाले. ते रोख नव्हते, ७५ डॉलर किमतीच्या वस्तू होत्या. १९३४ मध्ये १३ पौंड १४ औंसांचा बास पकडून त्यांनी हीच स्पर्धा पुन्हा जिंकली. पहिले यश निव्वळ नशिबाचे होते, असे म्हणणाऱ्यांना हे त्यांचे उत्तर ठरले.

विक्रमी मासा गेला कुठे?

तो त्याच रात्री चुलीवर चढला. सहा माणसांच्या त्या कुटुंबाची दोन वेळची जेवणे त्यावर झाली. भुसा भरून जतन करणे, काचेच्या पेटीत ठेवणे असे काहीच झाले नाही, आणि तशी चैन परवडणारीही नव्हती. त्यामुळे पुढे शंका घेणाऱ्यांना वाव मिळाला. मासा शिल्लक नाही, सोबत असलेला एकमेव मित्र पुढे कुठे गेला याचा पत्ता नाही आणि अनेक दशके छायाचित्रही उपलब्ध नव्हते. अलीकडे त्या माशाचे म्हणून जुने फोटो पुढे आले, पण त्यांवरही वाद झाले. बाजूने उरतात ते वजनाच्या आणि मोजमापाच्या कागदोपत्री नोंदी. मापे एकमेकांशी जुळतात. इतकी लांबी आणि इतका घेर असलेल्या माशाचे वजन साधारण तेवढेच भरते. पेरी यांनी या माशाच्या जोरावर पुढे कधी पैसा केला नाही, ही बाबही त्यांच्या बाजूने जाते.

पेरी यांचे पुढचे आयुष्य कसे गेले?

पेरी शेतीत राहिले नाहीत. ते जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील ब्रन्सविक शहरात स्थायिक झाले. विमानाची त्यांना ओढ होती. ते विमान चालवायला शिकले आणि त्यांनी छोट्या विमानांचा व्यवसाय केला. विक्रमाविषयी ते फारसे बोलत नसत. त्यांच्या हयातीतच या छंदाचे रूप पालटले. १९६७ मध्ये रे स्कॉट यांनी बास मासेमारीच्या मोठ्या स्पर्धा सुरू केल्या आणि पुढच्याच वर्षी बास पकडणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली. १९७० च्या दशकात मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडण्याची प्रथा रुजली. लार्जमाउथ बास जॉर्जियाचा अधिकृत राज्यमासा झाला. जानेवारी १९७४ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅमजवळ विमान अपघातात पेरी यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ६१ वर्षांचे होते.

विक्रम मोडण्याचे प्रयत्न झाले का?

भरपूर झाले. फ्लोरिडातील बासची जात अधिक मोठी वाढते. ती १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो परिसराच्या जलाशयांत सोडण्यात आली. तिथे सोडल्या जाणाऱ्या ट्राउट माशांवर हे बास अफाट पोसले. पेरी यांचा विक्रम मोडणाऱ्याला जाहिराती आणि करारांतून दहा लाख डॉलर मिळतील, असे बोलले जाऊ लागले. १९९१ मध्ये कॅस्टेक सरोवरात २२ पौंडांहून किंचित जास्त वजनाचा मासा मिळाला. विक्रम अगदी चार औंसांनी हुकला. २००६ मध्ये डिक्सन सरोवरात २५ पौंडांचा मासा सापडला, पण गळ त्याच्या तोंडात नव्हे, अंगात रुतला होता. तो पाण्यात सोडण्यात आला आणि विक्रमाचा दावा झाला नाही.

जपानमधील माशाने बरोबरी कशी साधली?

२ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी १०.१२ किलोचा, म्हणजे २२ पौंड ४.९७ औंसांचा बास पकडला. तो पेरी यांच्या माशापेक्षा जेमतेम एक औंस जड होता. मात्र आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेच्या नियमानुसार, २५ पौंडांखालील माशाचा विक्रम मोडायचा तर नवा मासा किमान दोन औंसांनी जड असावा लागतो. त्यामुळे कुरिता यांची असत्यशोधन चाचणीसह कसून पडताळणी झाल्यावर जानेवारी २०१० मध्ये विक्रमाची बरोबरी झाल्याचे जाहीर झाले. गंमत म्हणजे जपानमध्ये हा मासा परका आहे. १९२५ मध्ये तो अमेरिकेतून तिथे नेण्यात आला आणि स्थानिक माशांना घातक ठरला. बिवा सरोवरात पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला २००३ पासून मनाई आहे.

आज त्या ठिकाणी काय आहे?

मॉन्टगोमेरी लेक गाळाने भरत गेले. होडी घालून बास पकडावा असे पाणी आता तिथे उरलेले नाही. विक्रमाची माहिती देणारा फलक रस्त्याकडेला उभा आहे. आज असा मासा मिळाला तर फोटो, चित्रफिती, प्रमाणित काटा आणि साक्षीदार यांच्याशिवाय कोणी विश्वास ठेवणार नाही. पेरी यांच्याकडे यातले वजन आणि काही साक्षीदार एवढेच होते. दुकानातल्या त्या गर्दीत स्पर्धेची आठवण कोणाला झाली नसती, तर हा मासा एका घरातले चांगले जेवण म्हणून संपला असता आणि त्याचे नावही आपल्यापर्यंत पोहोचले नसते.