प्रार्थना पाठ आहे, संगीतकार माहितीय?

शाळा भोसरीची असो, निगडीची की चाकणची, सकाळी रांगेत उभं राहून तुम्ही ‘ऐ मालिक’ किंवा ‘हमको मन की शक्ति’ कधी ना कधी म्हटलं असणारच. दोन्ही गाणी सिनेमातली आणि दोन्हींचा संगीतकार एकच, तोही मराठी : वसंत देसाई.

कुडाळजवळच्या सोनवडे गावी १९१२ मध्ये जन्मलेला हा मुलगा विशीच्या आत कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीत शिरला. पोस्ट वगैरे काही नाही, पडेल ते काम. १९३० मध्ये ‘खुनी खंजीर’ या मूकपटात छोटी भूमिका केली, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये गायलासुद्धा. १९३३ ला प्रभात पुण्यात आली. मोठ्या संगीतकारांचं काम जवळून बघत वसंतराव शिकत राहिले. व्ही. शांताराम यांनी राजकमल काढल्यावर १९४३ च्या ‘शकुंतला’ने त्यांचं नाव झालं. म्हणजे ‘खुनी खंजीर’नंतर तब्बल तेरा वर्षांनी! सहा महिन्यांच्या ट्रेनीशिपला वैतागला असाल, तर हा आकडा लक्षात ठेवा.

पुढे ‘अमर भूपाळी’, ‘श्यामची आई’, ‘झनक झनक पायल बाजे’. १९५७ मध्ये आला ‘दो आँखें बारह हाथ’, एक जेलर आणि सहा खुनी कैद्यांची गोष्ट. ती लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. हो, निगडी प्राधिकरणातल्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, तेच. ‘ऐ मालिक’ याच सिनेमातलं.

वसंतरावांची कमाल कळण्यासाठी १९७१ चा ‘गुड्डी’ बघा. वाणी जयराम यांच्याच आवाजातली त्यातली दोन गाणी घ्या. एक मियाँ मल्हारातलं, गायला तयारीचा गळाच हवा. दुसरी प्रार्थना, बेसुरा मुलगाही बिनधास्त म्हणू शकेल अशी. अवघड चाल बांधता येणाऱ्या माणसाने सोपी चाल मुद्दाम सगळ्यांसाठी ठेवली. आणि गंमत म्हणजे, ‘गुड्डी’ झालेल्या जया भादुरी ज्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या, ती उभी आहे पुण्यातल्या प्रभातच्याच जागेवर.

१९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रांत गायलेल्या ‘मैत्रीम् भजत’ची चालही त्यांचीच. २२ डिसेंबर १९७५ ला मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले.

त्यांच्या चाली मात्र रोज सकाळी शाळाशाळांत ऐकू येतात. धाकट्या भावंडाने घरी ती प्रार्थना गुणगुणली, तर एवढं करा : त्याला वसंत देसाई हे नाव सांगा.