केडगाव, दौंडच्या पुढे

सुट्टीतल्या प्रवासाबद्दल लिही असं संपादक म्हणाली तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखा एकच प्रवास होता. दर मे महिन्यात आम्ही बरकतपुऱ्याच्या घराला कुलूप लावतो, चमनपाशी ऑटो पकडतो आणि नामपल्लीहून रात्रीची मुंबईची गाडी धरतो. पुढे वसई, आजीचं घर, सुकेळी, विहीर, मावसभावंडं. या सगळ्यात नवीन काय सांगणार? मग आठवलं की या रुळांवर दोन स्टेशनं अशी आहेत जिथे मी कधी उतरले नाही, पण जी मला गेली दोन वर्षं गप्प बसू देत नाहीत. एक गुलबर्गा, जे मध्यरात्रीनंतर झोपेत जातं. दुसरं केडगाव. सकाळी दौंड सुटलं की थोड्या वेळाने येतं. आमची गाडी तिथे थांबत नाही. पिवळी पाटी डोळ्यांसमोरून सटकन निघून जाते.

त्या पाटीमागे पंडिता रमाबाई राहत होत्या.

शाळेत रमाबाई चार ओळींत संपल्या होत्या: संस्कृतच्या विदुषी, शारदा सदनाच्या संस्थापक, पुढचा प्रश्न. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवासवर्णनाचा इतिहास करताना कळलं की १८८९ साली या बाईंनी अमेरिकेवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं होतं. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापलेलं, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. नावातच बघा, लोकस्थिती आधी, प्रवास नंतर. आम्ही कुठे गेलो की आधी स्वतःचा फोटो टाकतो, मागे जमलं तर धबधबा. रमाबाईंनी नायगारा पाहिला, बर्फ पाहिलं, एवढा मोठा देश आगगाडीने पालथा घातला आणि लिहिलं कशाबद्दल, तर तिथलं सरकार कसं चालतं, शाळा कशा आहेत, बायका संघटना कशा बांधतात, गुलामगिरी कशी होती आणि मूळच्या रहिवाशांच्या जमिनी कशा गेल्या. टोप्यांवर पिसं खोचण्यासाठी पक्षी मारतात, तेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. पाहुणचार घेतलेल्या देशाबद्दल इतकं सरळ लिहायला धीर लागतो. आणि हे मराठीत, म्हणजे घरच्यांसाठी. इंग्रजीत त्याचं भाषांतर व्हायला २००३ साल उजाडलं.

पण रमाबाईंचा प्रवास अमेरिकेपासून सुरू होत नाही. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं होतं. मूल सहा महिन्यांचं असताना घर मोडलं आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. बाळ वेताच्या पेटाऱ्यात, पेटारा गड्याच्या डोक्यावर. देवळात बसून पुराण सांगायचं, मिळेल ते खायचं, पुढचं गाव गाठायचं. आईने मुलीला चालता चालता संस्कृत पाठ करून घेतलं. मला चौथीत पाढे येत नव्हते म्हणून मी रडले होते, ते इथे सांगायला नको.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई, काही महिन्यांनी थोरली बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं अनवाणी उत्तरेपर्यंत चालत गेले. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तर वाळूत खड्डे खणून त्यात झोपले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. हा प्रसंग मी पहिल्यांदा गाडीतच वाचला, थर्ड एसीत, रेल्वेची पांढरी चादर आणि जाड ब्लँकेट अंगावर घेऊन. एसी जास्त आहे म्हणून मी तेव्हाच कुरकुर केली होती.

१८७८ मध्ये ही भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ वारला. त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, जात मोडून. १८८१ मध्ये मनोरमा झाली, १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. वय तेवीस, कडेवर मूल. मी एकवीस वर्षांची आहे आणि घरी अजून रात्री नऊनंतर फोन येतो, कुठे पोचलीस म्हणून.

पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्री-डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात म्हणून साक्ष दिली. ‘स्त्रीधर्मनीति’ पुस्तक विकून इंग्लंडच्या भाड्याची सोय केली. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी दगा दिला, ऐकू कमी येऊ लागलं. वाँटेजच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात संताप उसळला. पण तिकडच्या सिस्टर लोकांनाही त्या सोप्या गेल्या नाहीत. शाकाहार सोडला नाही, प्रश्न विचारणं सोडलं नाही. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नको, असा त्यांचा आग्रह. मी कॅथलिक, त्या आमच्या पंथाच्या नव्हेत, पण हे वाचून मला आजी आठवली. तिला लॅटिन प्रार्थना अजून तोंडपाठ आहेत, अर्थ मात्र मिस्सा मराठीत झाल्यावरच कळला असं ती हसत सांगते. हैदराबादेत मला नेहमी विचारतात, क्रिश्चन ना, मग मराठी कशी? रमाबाईंना हाच प्रश्न दोन्ही बाजूंनी आयुष्यभर येत राहिला. त्यांचं उत्तर माझ्यापेक्षा बरंच मोठं होतं.

१८८६ साली त्या फिलाडेल्फियाला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तारीख होती ११ मार्च. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या बाई अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. बालवाडीचं शिक्षण घेतलं, व्याख्यानं दिली, बॉस्टनमध्ये विधवांच्या शाळेसाठी मंडळ उभं केलं. मग सॅन फ्रान्सिस्कोहून जपान, हाँगकाँग करत १८८९च्या फेब्रुवारीत मुंबईला परत. पश्चिमेला गेलेली बाई पूर्वेकडून घरी आली. लहानपणी देवळांच्या प्रदक्षिणा, आता पृथ्वीची. आणि शारदा सदन उघडलं ते त्याच ११ मार्चला.

इथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. मनोरमेला त्यांनी अमेरिकेला नेलं खरं, पण त्याच वर्षी इंग्लंडला परत पाठवलं. पाच वर्षांची पोर सिस्टरांच्या हवाली, आई व्याख्यानं देत समुद्रापलीकडे. मी हे आईला सांगितलं. मला वाटलं, ती रमाबाईंना नावं ठेवील. ती बराच वेळ भांडी विसळत राहिली आणि मग म्हणाली की पाठवताना काय झालं असेल ते त्या बाईलाच माहीत. जूनमध्ये मी एम.ए.साठी पुण्याला जायचं म्हणतेय. त्या विषयावर आमच्या घरी महिनाभर कुणी नीट बोललेलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा आईने हॉस्टेलची फी किती ते विचारलं.

पुढचं सगळं केडगावचं. मध्य प्रांतातल्या दुष्काळात, १८९६-९७ मध्ये, रमाबाई स्वतः जाऊन शेकडो मुलींना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली बाई ती, तिला त्या मुलींच्या चेहऱ्यांत काय दिसलं असेल हे सांगायला नकोच. मुक्ती सदन वाढलं. तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, आणि खिळे जुळवणाऱ्या बायकाच. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं, साध्या बाईला वाचता येईल असं. मनोरमा आईच्या कामात आली. निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्याला तिने मुलींची शाळा काढली. म्हणजे आमच्या मुलखात. १९२१ मध्ये मनोरमा गेली, आईच्या आधी. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर तोवर हातावेगळं झालं होतं.

या वर्षी आईने तिकिटं काढली तेव्हा मी खिडकीची लोअर बर्थ मागून घेतली. गुलबर्ग्याला अडीचचा गजर लावला होता, उठले, बाहेर चहावाला आणि झोपलेली माणसं एवढंच दिसलं. सकाळी दौंडला इडली घेतली. पाटस गेलं. मग आई आपणहून खिडकीशी सरकून बसली आणि विचारलं, कुठल्या बाजूला येतं गं ते?